चौथ्या डब्यातलं रीळ

१

चौथं रीळ सुरू झालं आणि पडद्यावर आगगाडीच्या जागी भाताचं शेत आलं.

गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया, बांधावर उभा राहून बोट दाखवणारा टोपीवाला साहेब, आणि मागून नाकातला सरकारी आवाज, "सुधारित बियाणे वापरा, दुप्पट पीक घ्या!" महाडच्या वाचनालयाच्या सभागृहात बसलेली दीडशे माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग पुढच्या रांगेतून उंबरवाडीच्या म्हाताऱ्या येसूबाईचा आवाज आला, "गाडी रुळावरनं शेतात घुसली का काय रे?" झालं! सगळं सभागृह खो खो हसायला लागलं.

हसल्या नाहीत त्या प्रियदर्शिनीबाई. कोर्टात तीस-बत्तीस वर्षं लघुलेखक म्हणून काढून बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. महाडात त्यांना सगळे स्टेनोबाई म्हणत. जन्मभर साक्षीदारांच्या जबान्या उतरवून घेतल्या, त्यामुळे काही बिनसलं की बाई आधी कान टवकारत, हसणं मागाहून.

आणि बिनसलं होतं ते चांगलंच. वीरला पहिल्यांदा रेल्वे आली त्या साली, म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी, पोलादपूरच्या डोंगरातल्या उंबरवाडीत दत्ताराम नावाच्या फिरत्या सिनेमावाल्याने हाच सिनेमा दाखवला होता. महायुद्धातल्या एका आगगाडीचा, परदेशी, काळा-पांढरा. माणसं बोलतात काय, कुणाला कळणार! खाली इंग्रजी ओळी यायच्या, पण वाडीत त्या वाचणार कोण? म्हणून दत्तारामकाका मशीनपाशी बसून माइकवरून सगळी गोष्ट मराठीत सांगायचे. इंजिनड्रायव्हरचं नाव त्यांनी ठेवलं भिकाजी, त्याच्या बायकोचं सावित्री. भिकाजी जखमी माणसांनी भरलेली गाडी घेऊन पुलापलीकडे जातो. सावित्री स्टेशनात त्याची वाट बघत बसते. शेवटी त्याचा निरोप येतो, ती ट्रंक उचलून गाडीत चढते आणि पुढच्या स्टेशनात दोघांची भेट होते. उंबरवाडीतल्या म्हाताऱ्यांना हा शेवट तोंडपाठ होता. तोच सिनेमा, तीच रिळं, तेच दत्तारामकाका असा खेळ वाचनालयाने त्या रविवारी दुपारी ठेवला होता.

पहिली तीन रिळं झकास झाली. शहात्तर वर्षांच्या काकांचा आवाज अजून खणखणीत होता. नवं रीळ चढवलं की आधी नुसती कोरी पट्टी पळते, पडदा पांढरा दिसतो. तेवढ्यात लोक उठून जाऊ नयेत म्हणून काका चित्र यायच्या आधीच बोलायला लागत, "तर मंडळी, भिकाजीची गाडी आता पुलाशी आलीय..." तिसरं रीळ संपलं. काकांनी चौथं चढवलं, दिवा लागला, पांढऱ्या पडद्यावर मशीनची टकटक ऐकू आली, आणि मग ते भाताचं शेत.

वाचनालयाचे अध्यक्ष सुनीलराव तावातावाने मशीनपाशी आले. डबा तोच, वर चिठ्ठी तीच, रीळ मात्र भलतंच. शेती खात्याने फार वर्षांपूर्वी भेट दिलेल्या फिल्मा वाचनालयाच्या स्टीलच्या कपाटात पडून होत्या, त्यातली ही एक. मग सिनेमाचं शेवटचं रीळ गेलं कुठे?

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" प्रियदर्शिनीबाईंनी विचारलं. अगदी कोर्टातल्या सुरात विचारलं, आणि जरा मोठ्यानेच.

दीडशे डोकी एकदम मागे वळली. दाराशी पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या सारिकाने जग खाली ठेवला.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

२

सारिका वाचनालयात सात वर्षं हंगामी होती. पुस्तकं देणं, झाडलोट, पुराचा भोंगा वाजला की कपाटांतली सगळी पुस्तकं माळ्यावर चढवणं, सगळं एकटीने. येत्या मंगळवारी अकराला कार्यकारी मंडळाची सभा होती आणि तिला कायम करण्याचा ठराव त्यात यायचा होता. लोक पांगल्यावर सुनीलराव तिच्यासमोरच म्हणाले, "मंगळवारपर्यंत रीळ नाही मिळालं तर कायम करणं राहू दे, मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल. सभासद मला काय म्हणतील?"

सारिका खुर्च्या गोळा करत होती. बाई तिच्याजवळ गेल्या तेव्हा तिने मान वर केली नाही.

"अगं, मी आपलं सहज विचारलं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सहज विचारलंत, बाई. लोकांनी सहज ठरवून टाकलं." तिने हातातली खुर्ची दुसरीवर आपटली. "आता उद्या मी बाजारात गेले की माझ्याकडे कसे बघतील, सांगा ना."

कोर्टात प्रश्न वकील विचारतो, परिणाम साक्षीदार भोगतो आणि स्टेनो नुसता लिहून मोकळा होतो. आज प्रश्न त्यांचा होता.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "शनिवारपासून काय काय झालं ते सांग. मी लिहून घेते."

सारिकाने सांगितलं. शनिवारी चारच्या सुमारास रावजीने त्याच्या रिक्षातून काकांना, मशीनला आणि चार डब्यांना आणून सोडलं. रावजी म्हणजे वीर स्टेशनवरचा रिक्षावाला, मूळचा उंबरवाडीचाच. काकांनी टेबलावर हातचक्र बसवून चारही रिळं फडक्याने पुसली, पुन्हा गुंडाळली. तेव्हा चारही बरोबर होती, सारिकाने स्वतः पाहिलं. सातच्या आधी डबे कपाटात गेले, कुलूप लागलं. रविवारी तीनला तिनेच काढले.

"मधे कुणी आलं होतं?"

"सुनीलभाऊ येऊन गेले. काकांशी काहीतरी तणतणले. आणि खेळाच्या वेळचं म्हणाल तर..." ती थांबली. "मला कुणाचं नाव नाही घ्यायचं, बाई. आज माझं घेतलंय ना, कळलं मला कसं वाटतं ते."

"तरी सांग."

"तिसरं रीळ संपल्या संपल्या रावजीदादा उठून बाहेर गेले. चौथं लागायच्या आधीच."

३

सोमवारी सकाळी बाई सुनीलरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसल्या. सुनीलराव माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही जुनी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवत, ती कधी एकदा मोडीत काढतो असं होई.

"मी काकांशी भांडलो, कबूल," ते म्हणाले. "म्हटलं, काका, आता आपल्या पोरांना इंग्रजी येतं. खालच्या ओळी सगळे वाचतील. तुम्ही माइक ठेवा आणि आराम करा. काका बघतच राहिले माझ्याकडे. म्हणाले, सगळे वाचतील? म्हटलं, पाचवीतलं पोर वाचेल! त्यावर एकदम गप्प. म्हाताऱ्यांचा मान दुखावतो हो असा."

"रीळ तुम्ही हलवलं नाहीत ना?"

"मॅडम!" सुनीलराव खुर्चीतून अर्धे उठले. "मला खेळ बंदच पाडायचा असता तर चारही हलवली असती. शेवटचं एकच कशाला?"

हे मात्र बाईंना पटलं. शेवटचं एकच कशाला? ज्याने हे केलं त्याला खेळ व्हायला हवा होता. फक्त शेवट नको होता.

तिथून त्या वाचनालयात गेल्या आणि सारिकाकडून कपाट उघडून घेतलं. शेती खात्याच्या सहा फिल्मा उरल्या होत्या. बाईंनी एकेक डबा उघडून रिळाचं बाहेरचं टोक खिडकीशी धरलं. पहिल्यावर लिहिलेलं होतं 'समाप्त'. दुसऱ्यावरही 'समाप्त'. सहाही तशीच.

"हे असं कसं?" सारिका म्हणाली.

"कुणीतरी शेवटचा खेळ केला आणि तशीच ठेवून दिली. रीळ चालून झालं की शेवट बाहेर राहतो. पुन्हा दाखवायचं तर हातचक्रावर घालून उलटं गुंडाळावं लागतं. काल भाताची फिल्म कशी सुरू झाली आठवतंय? नावापासून, अगदी सुरळीत."

"म्हणजे ती कुणीतरी गुंडाळली?"

"आणि मुद्दाम गुंडाळली. उलटी सुटली असती तर चढवतानाच गोंधळ कळला असता. येतं तुला ते चक्र फिरवता?"

सारिकाने मान हलवली. "काका हातसुद्धा लावू देत नाहीत. पण बाई, शनिवारी मी पाच ते सहा इथे नव्हते. छापखान्यात खेळाच्या पत्रिका आणायला गेले होते. कपाट उघडंच होतं."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत की कोण आलं. कोण होतं ते नाही विचारलंत. आत तर काकाच होते, त्यांच्यावर कोण संशय घेईल?"

बाईंनी वही मिटली. दत्तारामकाका? स्वतःच्याच सिनेमाचं रीळ? जन्मभर जपलेलं? छे! माणसाला काही कारण तर हवं. आणि रावजी मधेच उठून का गेला, ते अजून कळलेलं नव्हतं.

४

रावजी वीर स्टेशनबाहेर रिक्षात बसून गाडीची वाट बघत होता. साठी उलटलेला, तब्येतीने काटक, बोलायला गोड. बाईंना बघून त्याने मागची सीट झटकली.

"कुठं जायाचं, बाई?"

"कुठे नाही. काल चौथ्या रिळाच्या आधी का उठलात, रावजीदादा?"

रावजी हसला. मग हसू तसंच ठेवून दुसरीकडे बघायला लागला. "तो शेवट बघवत नाय मला."

"का?"

"तुमी तो कागुद टाईप करून दिलावता, आठावतो काय?"

बाईंना आठवत होता. कसा नाही आठवणार! उंबरवाडी त्यांचं माहेर. त्या खेळाच्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, कोर्टात नव्या, लघुलेखनाचा हात बसवायचं वेड लागलेलं. दत्तारामकाका बोलत होते आणि या पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन शब्दन् शब्द उतरवत होत्या. मग त्यांनी ते सगळं चांगल्या कागदावर टाइप करून वाडीला भेट दिलं. केवढं कौतुक झालं होतं तेव्हा! शिमग्याला देवळात ते कागद वाचत असं त्यांनी ऐकलंही होतं. पुढे त्या महाडात राहायला आल्या आणि माहेरी जाणं सणावारापुरतं उरलं.

"येसूचा नवरा चांगू म्हंबईला गेला तो गेलाच," रावजी सांगू लागला. "दीड वरीस झालं, पत्ता नाय. मी माज्या बापाकरवी इच्यारलं, येसूशी पाट लावतो म्हनून. येसूचं बी मन व्हतं. वाडी बसली देवळात. आन् म्हाताऱ्यांनी तुमचा कागुद काडला की! सावित्रीनं वाट बगितली, तिचा भिकाजी आला का नाय? मंग येसूचा चांगू पन येल. कुनी म्हनलं, आरं तो शिनेमा हाय. तर म्हनतात कसं, कोर्टातल्या बाईनं लिवलंय, कोर्टात खोटं लिवतात काय?"

गाडीचा भोंगा ऐकू आला. दोन-तीन रिक्षावाले फलाटाकडे पळाले. रावजी जागचा हलला नाही.

"आनि चांगू?" तो म्हणाला. "नाय आला. तीस वर्सं होऊन गेली. माजं लगीन झालं पुढं, बायको गुनाची हाय, पोरं मार्गी लागली. तक्रार नाय काय. पन तो शेवट म्हनलं की मी आपला भायेर येऊन बिडी वडतो."

"हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तुमाला काय सांगायचं? तुमी खरं ते लिवलंत."

बाई परतीच्या वाटेला लागल्या. येसूवहिनीला 'अजून वाट बघतेस?' म्हणून कौतुकाने विचारणाऱ्या त्या स्वतःच होत्या. प्रत्येक गणपतीला विचारायच्या.

५

घरी पोचल्यावर त्यांनी जुन्या वह्यांचा गठ्ठा सोडला. बाई वही टाकत नसत. लघुलेखनाच्या रेघोट्या अजून स्वच्छ वाचता येत होत्या. समासात त्यांनी बारीक खुणा केल्या होत्या: दुसरं रीळ, पडदा कोरा, बोलणं चालू. तिसरं रीळ, पडदा कोरा, बोलणं चालू. चौथं, तसंच. काकांची सवयच ती, चित्राच्या आधी आवाज.

आणि काल? दुसऱ्याला बोलले. तिसऱ्याला बोलले. चौथ्याला कोऱ्या पडद्यावर नुसती मशीनची टकटक होती.

गाडी येणार नाही हे त्या माणसाला आधीच ठाऊक होतं. मग कशाला बोलेल तो?

संध्याकाळी बाई दत्तारामकाकांच्या खोलीवर गेल्या. काकांनी दार उघडलं, बाईंच्या हातातली वही बघितली आणि बाजूला झाले. काही विचारावं लागलं नाही. माळ्याच्या शिडीवर ते स्वतःच चढले आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं रीळ घेऊन उतरले.

"शनिवारी सारिका गेली तेव्हा बदललं," ते म्हणाले. "चार दिवस बोंब होईल आणि विसरतील, असं वाटलं. पोरीवर येईल असं नव्हतं वाटलं, प्रिया. देवाशपथ."

"आलंय. उद्या अकराला तिची नोकरी जातेय. काय आहे यात एवढं?"

काकांनी खिडकीपाशी रीळ उलगडलं, शेवटाकडची पट्टी बाईंच्या हातात दिली आणि आपलं भिंग पुढे केलं. एवढ्याशा चौकटीत स्टेशनमास्तर सावित्रीसमोर उभा होता. त्याच्या हातात भिकाजीची टोपी होती. खाली इंग्रजी ओळ होती. बाईंनी ती वाचली. पुढची वाचली. पुन्हा पहिली वाचली.

"मेला तो," बाई म्हणाल्या.

"पुलावरच. आणि मास्तर तिला सांगतो, थांबू नकोस. ती ट्रंक घेऊन चढते ते दुसरीकडे जगायला." काका खाटेवर टेकले. "तीन रिळं मी बरोब्बर सांगितली होती. चौथं लागलं आणि माझी नजर पुढच्या रांगेत गेली. येसू बसलेली. चांगूला जाऊन सात महिने झालेले. पडद्याकडे अशी बघत होती! तिच्या तोंडावर कसं सांगू, तो येत नाही म्हणून? जीभच वळेना. म्हटलं, एक संध्याकाळ बरी जाईल पोरीची. मी काय शाश्वत सांगणार होतो? मी तंबू उचलून पुढल्या गावाला जाणारा माणूस."

"आणि मी ते टाइप केलं."

"मला दुसऱ्या वर्षी कळलं. तुला सांगायला आलो होतो कोर्टात. तू बाहेर आलीस, सगळ्यांना म्हणालीस, हेच ते काका, यांचा शब्दन् शब्द घेतला मी. एवढी आनंदात होतीस! गिळलं मी. पुढे रावजीचं कळलं तेव्हा तर तोंडच उरलं नाही. दर वर्षी वाटायचं, आता सांगतो. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग?"

बाईंनी पट्टी पुन्हा उजेडात धरली. त्या रात्री तंबूत इंग्रजी वाचता येणारं एकच माणूस होतं, पहिल्या रांगेत, पडद्यापासून दहा हातांवर. आणि ते माणूस मान खाली घालून लिहीत होतं. सबंध सिनेमाभर एकदासुद्धा त्याने वर बघितलं नव्हतं. हातातून एक शब्द सुटेल म्हणून!

"प्रिया," काका हलकेच म्हणाले, "उद्या असं सांगू, की माझे डोळे गेलेत, डब्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली. खोटं नाही ते फारसं. सारिका सुटेल. रीळ मी जाळून टाकतो. येसूला कशाला?"

सुटका समोर होती. सारिका वाचत होती, काका वाचत होते, आणि खरं सांगायचं तर प्रियदर्शिनीबाईही वाचत होत्या. काय वाईट होतं त्यात? बाईंना त्याचा मोह झाला, चांगला घटकाभर झाला. त्यांनी स्वतःला विचारलं, की येत्या गणपतीला येसूवहिनी समोर आली तर काय बोलशील?

"रीळ माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या मशीन घेऊन या."

६

मंगळवारी अकराला कार्यकारी मंडळ जमलं. रावजीने येसूबाईला आणून सोडलं आणि तो बाहेर रिक्षात बसला. तिला कशाला बोलावलंय ते कुणालाच कळत नव्हतं. तिलाही नाही. ती आपली सारिकाने दिलेला चहा पीत बसली होती.

दत्तारामकाका उभे राहिले. "रीळ मी लपवलं," ते म्हणाले. "सारिकाचा काही संबंध नाही. तिची माफी मागतो." आणि ते खरंच हात जोडून सारिकाकडे वळले. सुनीलरावांनी आ वासला.

"काका, पण का?"

"शेवट मी खोटा सांगितला होता. तुम्ही म्हणालात, आता सगळे वाचतील."

"एवढंच?" सुनीलराव सुटल्यासारखे हसले. "अहो, मग त्यात काय! चुकून झालं असं इतिवृत्तात लिहू. सारिकाचा ठराव मंजूर. झालं, संपला विषय!"

सारिका भिंतीला टेकली आणि पदराने डोळे टिपायला लागली. सभेपुरतं खरोखरच सगळं संपलं होतं. बाई मात्र उठून खिडक्या लावायला लागल्या.

"दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "काका, चढवा. आज माइकची गरज नाही, मी वाचते."

पडदा पांढरा झाला. कुणी बोललं नाही. मग पूल आला, धूर आला, रिकामं स्टेशन आलं. बाई येसूबाईच्या शेजारी उभ्या राहून एकेक ओळ मराठीत सांगत होत्या आणि या खेपेला त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. स्टेशनमास्तर आला. टोपी आली. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर अजूनही निभावलं असतं.

"तो येणार नाही," त्यांनी वाचलं. "पूल पडला तेव्हा तो इंजिनावरच होता. तू इथे थांबू नकोस. गाडी उभी आहे. जा."

सावित्रीने ट्रंक उचलली. गाडी सुटली. पुढचं स्टेशन कुठे आलंच नाही. काकांनी मशीन बंद केली.

येसूबाई पडद्याकडेच बघत होती. "जा म्हनला तो तिला," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"आन् आपल्या कागदावर?"

"कागदावर मी काका बोलले ते लिहिलं. वाट बघ म्हणून."

"तुला ह्या इंग्रजी वळी वाचता येत व्हत्या? तवा?"

"येत होत्या."

येसूबाईने मान वळवून बाईंकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मंग एकदा वर का नाय बगितलंस गो?"

काका मशीनमागे तोंड लपवून रडत होते. सुनीलराव पेन हातात घेऊन नुसते बसले होते, काय लिहावं ते त्यांना कळेना.

"चुकलं माझं, वहिनी," शेवटी बाई म्हणाल्या.

"चुकलं तुजं," येसूबाई म्हणाली. समजूत काढायचं तिच्या मनातही आलं नाही. ती उठली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि दाराशी जाऊन थांबली. "ह्यातलं रावजीला काय कळू देऊ नका. त्याची बायको चांगली हाय. त्यानं आता ह्ये घेऊन काय करायचं?"

प्रियदर्शिनीबाई तिच्यामागून रस्त्यापर्यंत गेल्या. हात धरावासा वाटला, पण धरला नाही. येसूबाई रिक्षात मागे बसली. रावजीने बिडी विझवली आणि आरशातून विचारलं, "संपला काय गो पिच्चर?"

"संपला," येसूबाई म्हणाली. "चल."